वाचक विचारतात : जॉन राजाची ‘सही’ आणि मॅग्ना कार्टा

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ‘जॉन राजाने १२१५ मध्ये मॅग्ना कार्टावर सही केली’ असं वाक्य आहे. चित्रातही त्याच्या हातात पीस आहे. ती सही आज पाहता येते का?

उत्तर : मॅग्ना कार्टा म्हणजे बंडखोर सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाकडून मिळवलेली हक्कांची सनद. तिच्यावर सही झालीच नव्हती, त्यामुळे ते वाक्य खोडून टाका. तिथे झालं ते अक्षरशः शिक्कामोर्तब. मेंढीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवून, खरवडून, ताणून वाळवायचं. अशा एकाच तावावर सुमारे ३,५०० लॅटिन शब्द बसले, कारण कारकून जागोजागी शब्द तोडून संक्षेपाने लिहीत. मग खालची कड दुमडून तिच्यातून दोरी ओवायची आणि दोरीभोवती मेण व राळ यांचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबायचा. मुद्रेच्या एका अंगाला सिंहासनावरचा राजा, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा. दाबायचं काम राजा करत नसे, त्यासाठी वेगळे अधिकारी होते. १२१५च्या चार प्रती उरल्या आहेत : दोन ब्रिटिश लायब्ररीत, बाकीच्या लिंकन आणि सॉल्सबरीच्या. मुद्रा फक्त एकीवर टिकली, आणि १७३१च्या आगीत तीही वितळून तिचा गोळा झाला. कलमांना मुळात आकडेही नव्हते. ६३ कलमं ही नंतरच्या अभ्यासकांनी केलेली सोय.

प्रश्न : ही तर सरदारांची सनद. शेतकऱ्याला काय मिळालं?

उत्तर : आक्षेप बराचसा खरा आहे. बाप मेल्यावर जहागीर हाती यायला सरदाराला राजाकडे नजराणा भरावा लागे आणि जॉन तोंडाला येईल तो आकडा सांगे. सनदेने तो १०० पौंडांवर बांधला. विधवेला मनाविरुद्ध पुन्हा लग्न करायला लावू नये, हे कलमही याच लुटीतून आलं : १२१४ मध्ये ग्लॉस्टरच्या इझाबेलाशी, म्हणजे जॉनच्याच पूर्वीच्या पत्नीशी, लग्न करण्यासाठी जॉनने जेफ्री द मँडव्हिल या सरदारावर २०,००० मार्क लादले होते, म्हणजे १३,००० पौंडांहून जास्त. प्रसिद्ध ३९वं कलम, समकक्षांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणाला कैद करू नये, ‘स्वतंत्र माणसा’पुरतं होतं. जमिनीला बांधलेली कुळं त्यात येत नव्हती.

तरी २०वं कलम जरूर वाचा. दंड गुन्ह्याच्या मानाने असावा; व्यापाऱ्याचा माल आणि कुळाचं शेतीचं साधन त्यातून वाचलं पाहिजे. दंडापायी नांगरच गेला, तर पुढचं पीक कुठून येणार? दुसरी दोन कलमं सांगतात : टेम्स आणि मेडवे नद्यांतले मासे अडवायचे बांध काढा, म्हणजे होड्यांना वाट मिळेल. दारू, धान्य आणि कापडाचं माप राज्यभर एकच ठेवा. ही कलमं कोणी पाठ करत नाही. आमच्या मते सनदेचा जीव तिथेही तेवढाच आहे.

प्रश्न : इतकं लिहून घेतलं, तरी काही महिन्यांत युद्ध का पेटलं?

उत्तर : दोष ६१व्या कलमात होता. सरदारांनी आपल्यातले २५ जण निवडायचे. राजाने सनद मोडली, तर त्यांतल्या चौघांनी त्याला सांगायचं आणि ४० दिवस थांबायचं. दाद मिळाली नाही, तर २५ जणांनी त्याचे किल्ले आणि जमिनी ताब्यात घ्यायच्या. राजा, राणी आणि मुलांच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश, आणि निकालाची अंमलबजावणी म्हणजे बंडच. मध्ये तिसरा कोणी नाही. जॉनने १२१३ मध्ये राज्य पोपच्या अधिपत्याखाली दिलं होतं. त्या अधिकाराने पोप तिसऱ्या इनोसंटने २४ ऑगस्टला सनद रद्द केली. टेम्सकाठच्या रनीमीडच्या कुरणात १५ जूनला ती मान्य झाली, तेव्हापासून जेमतेम दहा आठवडे!

ती जगली ती जॉन मेल्यावर. १२१६ मध्ये बालराजा तिसऱ्या हेन्रीच्या कारभाऱ्यांनी ६१वं कलम गाळून ती पुन्हा काढली. संमतीशिवाय लष्करी कर नको, हे १२वं कलमही तेव्हाच गळालं. मग १२२५ मध्ये व्यवहार ठरला : जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून घ्या, सनद द्या. गाळलेलं तत्त्व असं व्यवहारातून परत आलं. १२९७ मध्ये पहिल्या एडवर्डने तिला दुजोरा दिला आणि तो मजकूर कायद्यांच्या नोंदीत चढला. कैदेबद्दलचं कलम त्यात २९वं आहे, आणि इंग्लंडमध्ये ते आजही लागू आहे.