फुगा दाबण्याला संशोधन म्हणतात का?

साठ लाख वस्तीच्या डेन्मार्कने इन्सुलिन विकण्यापलीकडे वैद्यकात काय केले, असे आपण विचारले आहे. इन्सुलिनचे नंतर पाहू. माझे वडील जिवंत आहेत ते तिथल्याच एका रबरी फुग्यामुळे.

आठ वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ओसरीवर झोपलेल्या वडिलांना मण्यार चावली. पहाटे त्यांच्या पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली आणि तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास उथळ झाला. प्रतिविष मिळाले, पण व्हेंटिलेटर महिनाभर बंद पडून होता. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घालून तिला अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून फुप्फुसात हवा ढकलायचा रबरी फुगा, जोडली आणि जिल्ह्याच्या वाटेवर सिस्टर व मी ती आळीपाळीने दाबत राहिलो. चार अंक मोजायचे, पाचव्याला दाबायचे, असे सव्वादोन तास. घाटात ऑक्सिजनचा सिलिंडर संपला, अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला, तरी थांबण्याची छाती झाली नाही.

आमचे थोरले मेहुणे अभियंता आहेत. बाबांना जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरने वाचवले, फुगा दाबणे हे काही शास्त्र नव्हे, असे ते आजही ऐकवतात.

१९५२ मध्ये डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्लेगडाम रुग्णालयात श्वसन लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि पिशवी दाबून हवा आत ढकलली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्महिने हेच केले. १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग उभारला. मेहुण्यांचे ते यंत्रसुद्धा विजेवर हेच काम करते. आम्ही दाबली ती आपोआप फुगणारी पिशवी डेन्मार्कच्याच हेनिंग रूबेन यांनी १९५६ मध्ये आणली; ती साध्या हवेवरही चालते, म्हणून सिलिंडर संपल्यावरही घाटात आमचे निभावले.

इन्सुलिनचा शोध कॅनडातला. डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी १९३६ मध्ये त्यात प्रोटामिन हे प्रथिन मिसळून परिणाम लांबवला, तेही लहान काम नव्हे. अर्थात कृमीमुळे कर्करोग होतो या डॅनिश संशोधक फिबिगर यांच्या चुकीच्या निष्कर्षाला १९२६ चे नोबेलही डेन्मार्कमध्येच गेले, आणि इब्सेन यांनी भूलशास्त्राचे काही धडे बॉस्टनमध्ये गिरवले होते. शिवाय प्रतिविषाविना नुसत्या पिशवीच्या भरवशावर कोणी राहू नये, एवढे मेहुण्यांचे मी मान्य करतो. भाऊबीजेला ते येतील, तेव्हा हे उत्तर त्यांना वाचून दाखवणार आहे.