अन्ननलिका चुंबकाने जोडता येते का? दोन महिन्यांच्या बाळाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की बाळाच्या अन्ननलिकेची दोन टोकं जन्मतःच जुळलेली नाहीत, श्वासनलिकेशी जोड नाही, पोटात नळी बसवून दूध चालू आहे आणि सर्जन म्हणतात "अजून थोडं वाढू दे". त्यात नातेवाइकांनी चुंबकाचा व्हिडिओ पाठवलाय आणि घरात "मग ऑपरेशन कशाला?" हा विषय सुरू झालाय. माझा मुलगाही याच दोषासह जन्मला, त्याची नलिका टाके घालून जोडली. आता तो शाळेत डबा खातो. चुंबकाचा पर्याय त्या वेळी मीही खूप खणून काढला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

व्हिडिओ खोटा नाही. अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात मारिओ झारिट्स्की या बालरेडिओलॉजिस्टनी अशा बाळांची अन्ननलिका चुंबकाने जोडायला सुरुवात केली; पुढे ते शिकागोला गेले. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 'फ्लरिश' नावाच्या उपकरणाला परवानगी दिली. एक नळी तोंडातून वरच्या बंद टोकापर्यंत जाते, दुसरी पोटाच्या छिद्रातून वर खालच्या टोकापर्यंत. दोन्हींच्या तोंडाशी चुंबक. ते एकमेकांना ओढत राहतात, त्यांच्यासोबत दोन्ही टोकं ताणली जातात, आणि किती जवळ आली ते एक्स-रेवर पाहत राहतात. चुंबक चिकटले की मधली भिंत त्यांच्यात चिमटली जाते. तिचं रक्त बंद होतं, ती मरते. कडेची जिवंत भिंत मात्र एकमेकींना घट्ट टेकलेली असते, ती तशीच सांधते. मग चुंबक काढून घेतात, मागे आरपार वाट राहते. छाती उघडावी लागत नाही, टाका एकही नाही. पित्तनलिका पूर्ण बंद झालेल्या मोठ्या माणसांतही हेच तत्त्व वापरतात. जपानमध्ये यामानोउची या डॉक्टरांनी ती पद्धत बसवली.

आता हे कोणासाठी नाही, ते बघा. दोन टोकांतलं अंतर ४ सेंटिमीटरपेक्षा कमी हवं, कारण अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते. श्वासनलिकेशी जोड असेल तर ती आधी बंद केलेली हवी. बाळ वर्षाच्या आतलं हवं आणि दात आलेले नकोत, नाहीतर तोंडातली नळी दातांनी खराब होते. तुमच्या बाळाचं वय आणि प्रकार यात बसतो. राहिला प्रश्न अंतराचा, आणि सगळं तिथेच अडतं.

म्हणून सर्जनना आधी अंतराचा आकडा विचारा, आणि लगेच पुढचं विचारा: हे माप दोन्ही टोकं आतून हलकेच ढकलून घेतलं की न ढकलता? दोन्ही टोकांत सळी किंवा नळी घालून एक्स-रेच्या पडद्यावर मोजतात. ढकलून मोजलं तर अंतर कमी दिसतं, नुसतं मोजलं तर जास्त. एकाच बाळाचे दोन वेगळे आकडे घेऊन आईबाप दोन डॉक्टरांकडे धावतात आणि एक डॉक्टर चुकीचा ठरवून बसतात. सर्जन थांबायला सांगतात त्यालाही कारण आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत टोकं आपोआप जवळ येतात.

व्हिडिओत बहुतेक नसणारी गोष्ट आता सांगते. एफडीएने परवानगी देताना १६ बाळांची माहिती तपासली होती. १६ च्या १६ जणांची नलिका ३ ते १० दिवसांत जुळली. हे खरोखर मोठं यश आहे. पण त्यातल्या १३ जणांची जोडलेली जागा नंतर अरुंद झाली आणि फुगा घालून रुंद करणं, स्टेंट (वाट उघडी ठेवणारी छोटी नळी) बसवणं किंवा दोन्ही करावं लागलं. अरुंद होणं टाक्यांच्या ऑपरेशननंतरही होतं, आमचंही झालं, पण १६ पैकी १३ हे प्रमाण फार आहे. एवढ्या कमी बाळांवर परवानगी मिळाली, कारण ती दुर्मीळ आजारांसाठीच्या वेगळ्या वाटेने होती. तिथे सुरक्षितता आणि फायद्याची शक्यता दाखवावी लागते, मोठी चाचणी लागत नाही.

तेव्हा घरच्यांना एवढं सांगा की चुंबकाने ऑपरेशन कदाचित टळेल, पण नंतर जागा रुंद करायला लागणाऱ्या भुलीच्या फेऱ्या टळतील असं धरून चालू नका. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्या पद्धतीने जोडतात याच्याइतकंच, जोडल्यानंतर बलून डायलेटेशन (म्हणजे तेच फुग्याने रुंद करणं) नियमित कोण करणार हे महत्त्वाचं. लहान बाळांचं डायलेटेशन रोजच्या कामात असलेली टीम तुमच्या हॉस्पिटलमध्ये आहे का, पोटातलं आम्ल कमी करणारं औषध किती दिवस, घास अडकला तर रात्री कुणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवा.

वाट पाहण्याच्या काळात दोन गोष्टी सोडू नका. वरच्या टोकात साठणारी लाळ सक्शनने काढत राहणं, कारण ती छातीत गेली की न्यूमोनिया. आणि नर्सला विचारून नळीने दूध चालू असताना बाळाला चोखणी चोखायला देणं. तोंडाने कधीच न प्यायलेलं बाळ नलिका जुळल्यावरही तोंड फिरवतं, आणि ते शिकवायला महिने जातात.

व्हिडिओ पाहून घरात कोणी चुंबकाचे खेळ आणले असतील, किंवा मोठ्या भावंडाकडे छोट्या गोल चुंबकांचा सेट असेल, तर तो आजच घराबाहेर काढा. दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना असेच चिमटतात आणि भोक पाडतात. तिथे हे मोजूनमापून कोणी करत नसतं. एकापेक्षा जास्त गिळल्याची नुसती शंका आली तरी मूल हसतंखेळतं दिसतंय म्हणून थांबू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

पुढच्या तपासणीत अंतराचा आकडा मिळाला की इथे लिहा, ढकलून मोजलाय की नाही तेही.