फ्रान्सच्या लकॉक नाट्यशाळेत वर्षभर काय करतात? पुण्याच्या नाटकवाल्याने जावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात चार-पाच वर्षं एकांकिका करून झाल्यात, आता फ्रान्सला जाक लकॉक यांच्या आंतरराष्ट्रीय नाट्यशाळेत जायचा विचार आहे, तर तिथे वर्षभर नक्की करतात काय आणि एवढा खर्च करून जावं का. मी २०१२ च्या ऑक्टोबरात गेले, जूनमध्ये परत आले, म्हणजे पहिलं वर्ष केलं, त्याबद्दलच सांगते.

आपल्याकडे आधी संहिता, मग वाचन, मग उभं राहायचं. तिथे सुरुवातीला कितीतरी दिवस तोंडच उघडायचं नसतं. लकॉक मूळचे व्यायामशिक्षक, १९५६ ला शाळा काढली, १९९९ ला वारले, पण पद्धत त्यांचीच चालू होती, आणि मी होते तेव्हा शाळा पॅरिसमध्ये एका जुन्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये भरायची, आता ती आविन्यों शहरात हललीय.

सुरुवात न्यूट्रल मास्कने. चामड्याचा मुखवटा, त्यावर ना हसू ना दुःख. एक एक्झरसाइज असते, बोट सुटलीय आणि धक्क्यावरून शेवटचा निरोप द्यायचा, बस. मी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा खेळून गेलेली, पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेला कळेल असा चेहरा आणि आवाज लावायची सवय, आणि तो चेहराच झाकला गेल्यावर कळलं की माझे खांदे, मान, पाय काहीच बोलत नाहीयेत. शिक्षक करून दाखवत नाहीत, काय जमलं नाही तेवढं सांगतात, पुढचं तुमचं तुम्ही शोधायचं. तेव्हा राग यायचा. आता वाटतं हेच बरोबर, कारण करून दाखवलं की आपण नक्कल करतो, पुण्यातल्या कितीतरी चांगल्या पोरांच्या अंगात दिग्दर्शकाचेच हातवारे शिरलेले दिसतात.

मग पाणी, आग, वारा, माती, मग वस्तू म्हणजे चुरगाळलेला कागद उलगडतो कसा, साखर पाण्यात विरते कशी, मग प्राणी, रंग. ऐकायला उन्हाळी शिबिर वाटेल, पण यातूनच माणूस उभा राहतो. साखरेसारखा विरत जाणारा बाप एका कोरियन मुलाने केला होता, एक शब्द नाही, आणि आम्ही सगळे रडत होतो.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते ओटोकूर. १९६८ च्या मे महिन्यातल्या आंदोलनाच्या वेळी विद्यार्थ्यांनी मागणी केली तिथून हे सुरू झालं. रोज साधारण दीड तास शिक्षकाशिवाय ग्रुपने काम करायचं, विषय दिलेला असतो, आणि आठवड्याच्या शेवटी ते सगळ्यांसमोर दाखवायचं. पाच जण पाच देशांचे, फ्रेंच सगळ्यांचंच अर्धंमुर्धं, त्यामुळे वाद घालत बसता येत नाही, उठून करूनच दाखवावं लागतं. आपल्याकडे तालमीत तासन् तास चर्चा चालते ना, ती सवय माझी तिथेच सुटली.

वर्ष संपताना आंकेत असते, म्हणजे बाहेरच्या एखाद्या खऱ्या जागी जाऊन राहायचं, तिथल्या माणसांत मिसळायचं आणि त्यातून छोटं नाटक उभं करायचं. आमच्या ग्रुपने भाजीबाजार घेतला. क्रेट उचलण्याआधी माणूस श्वास कुठे धरतो, गिऱ्हाईक निघून गेल्यावर हात कुठे जातात, हे आम्ही दिवसेंदिवस बघत बसायचो. परत आल्यावर मी कॉलेजच्या मुलांना घेऊन मंडईत पहाटे जायला लागले, आधी आठ दिवस नुसतं बघायचं, मग एकांकिका लिहायची, आणि मुलांच्या लिखाणातले निम्मे संवाद आपोआप गळून गेले.

शरीराचं नाटक आपल्याला परकं आहे असं मात्र समजू नका. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातली माणसांची भिंत १९७२ सालीच भरत नाट्यमध्ये उभी राहिलीय, तमाशातला सोंगाड्या तर त्याच्याही कितीतरी आधीचा. म्हणून मी म्हणते जा, पण आपलं सगळं सोडून द्यायला नको, जे आपल्याकडे आहे ते अंगातून कसं येतं हे कळायला जा.

पैशाचं गणित एकाच वर्षाचं धरा. दुसऱ्या वर्षाला साधारण एक तृतीयांशच मुलं घेतात, आणि कोमेडिया (मुखवट्यांचं जुनं इटालियन विनोदी नाटक), बुफों (जगाची टिंगल करणारी विद्रूप सोंगं), क्लाऊन (लाल नाकाचा विदूषक) हे सगळं त्या दुसऱ्या वर्षात असतं, म्हणजे लाल नाकासाठी जात असाल तर आधी नीट विचार करा. आणि फ्रेंच इथूनच बोलण्याइतकं पक्कं करून जा, शिकवणं फ्रेंचमध्येच असतं, मी अलियाँस फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या दोन लेव्हल करून गेले होते आणि पहिले तीन महिने मला ते कमीच पडलं.