स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांमुळे भावाची स्मरणशक्ती गेली का? गोळ्या बंद कराव्यात का?

ताई, गोळ्या मनाने बंद करू नका, हे आधी सांगते. या आजारात कानात जे नसलेले आवाज ऐकू येतात, ते परत सुरू झाले तर आत्ता हाताशी आहे तेही जाईल.

तुम्ही लिहिलंय की भाऊ अमळनेरच्या तुमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो. कानातले आवाज थांबलेत, पण दोन गिऱ्हाइकं एकदम आली की तो गोंधळतो, उधारी लिहायची विसरतो, आणि वडील म्हणतात, 'हाऊ आळशी व्हई गया.' मी जळगावला मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. रावेरपासून शिरपूरपर्यंतची माणसं हीच तक्रार घेऊन येतात, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं ते त्या 'आळशी' शब्दाचं.

तो आळशी नाही. लक्ष टिकवणं, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, झटकन विचार करणं या क्षमता या आजारातच कमी होतात. क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांमधली ही बौद्धिक घसरण नोंदवली होती. या आजारावरची पहिली परिणामकारक गोळी, क्लोरप्रोमाझिन, वापरात आली १९५२ मध्ये. म्हणजे ही घसरण गोळ्यांच्या आधीपासूनची आहे. बऱ्याच जणांत तर आवाज सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच अभ्यास मागे पडायला लागतो. भावाची दहावी-बारावीची वर्षं आठवून बघा.

तरी गोळ्यांचा काहीच वाटा नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या चिठ्ठीत ट्रायहेक्झिफेनिडिल आहे का ते बघा. पॅसिटेन या नावानेही मिळते. हातापायांची थरथर, ताठरपणा कमी करायला ती देतात. पण स्मरणाला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनाचं कामच ती अडवते. एकदा सुरू झालेली ही गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहिलेली मी खूपदा पाहते. 'ही अजून लागते का, हळूहळू कमी करता येईल का?' हे डॉक्टरांना थेट विचारा. झोपेच्या गोळीबद्दलही विचारा. सोबत बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या.

स्मरण सुधारणारी खास गोळी आहे का? स्किझोफ्रेनियासाठी सध्या नाही. अल्झायमरची डोनेपेझिल देऊन पाहिली, ठोस फायदा दिसला नाही. आयक्लेपर्टिन या नव्या गोळीवर खूप आशा होती, पण तिच्या मोठ्या चाचण्याही अपयशी ठरल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. म्हणून 'बुद्धिवर्धक' सिरपांवर पैसे घालवू नका.

उपयोग होतो तो सरावाचा. २०२१ मध्ये १३० चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, जवळपास नऊ हजार रुग्णांच्या. बौद्धिक सरावाने लक्ष-स्मरण सुधारतं आणि रोजचं वागणंही, हे त्यात दिसलं. फायदा जास्त कुठे झाला? जिथे प्रशिक्षित माणूस सोबत बसला, युक्त्या शिकवल्या आणि सराव खऱ्या कामाशी जोडला तिथे. मोबाईलवर कोडी देऊन त्याला एकटं सोडलं तर फार काही हाती लागणार नाही.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने तर घरी करता येईल असा सराव तयार केलाय. धान्य निवडणं हा त्यातलाच प्रकार. मी आपल्याकडची दादर ज्वारी आणि मूग मिसळून वेगळे करायला देते, वेळ लावून. ते जमलं की दुकान. दुपारी गर्दी नसताना एकच गिऱ्हाईक त्याच्याकडे द्या. मागणी ऐकली की मोठ्याने परत म्हणायची, वहीत लिहायची, मगच पिशवीला हात लावायचा. उधारी आधी वहीत, माल नंतर. जूनमध्ये कपाशीच्या बियाण्याला रांग लागते तेव्हा मात्र त्याला गल्ल्यावर बसवू नका. आणि रोज भरभर चालायला न्या. व्यायामाने या रुग्णांची बौद्धिक क्षमता वाढते, हे चाचण्यांत दिसलंय.

वडिलांना सांगा, एका वेळी एकच काम सांगायचं, आणि ते झाल्यावरच दुसरं.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मानसशास्त्रज्ञाची वेळ मागा. अडलात तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. काम अजिबातच जमेना तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

चालू गोळ्यांची नावं आणि डोस कमेंटमध्ये लिहा. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी सांगते.