सिम्युलेशन सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणून जोडावे का?

आपला सी++ मधील प्रोग्रॅम प्रत्येक फेरीत इनपुट फाइल लिहितो, लॅम्प्स (LAMMPS, अणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन करणारे सॉफ्टवेअर) वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो आणि त्याची आउटपुट फाइल वाचतो. त्याऐवजी लॅम्प्स लायब्ररी म्हणून थेट जोडता येईल का, आणि जोडावे का, असे आपण विचारले आहे.

जोडता येईल. जोडावे का, हे मात्र आपण आधी घड्याळ लावून ठरवावे. एका फेरीचे गणित दहा मिनिटे चालत असेल आणि फाइल लिहिण्या-वाचण्यात एक सेकंद जात असेल, तर सध्याची व्यवस्थाच उत्तम आहे, कारण वेगळ्या प्रोसेसमध्ये सिम्युलेशन कोसळले तरी आपला प्रोग्रॅम शाबूत राहतो. दर काही टाइमस्टेपनंतर (म्हणजे सिम्युलेशनमधील काळाच्या छोट्या टप्प्यांनंतर) अणूंची स्थाने वाचायची किंवा बदलायची असतील, तरच लायब्ररीचा खटाटोप सार्थकी लागतो.

लिंक करणे हा यातला सोपा भाग आहे. लॅम्प्स शेअर्ड लायब्ररी म्हणून बांधता येते आणि तिचा सी इंटरफेस वापरला की सी++ कंपायलरच्या आवृत्त्या जुळवण्याची डोकेदुखी बरीच कमी होते. खरी अडचण अशी की, स्वतंत्रपणे चालण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम संपूर्ण प्रोसेस आपलीच आहे असे गृहीत धरतो: चूक आढळली की तो थेट बाहेर पडतो, आणि पाहुण्याने बाहेर पडताना यजमानालाही सोबत न्यावे तसा आपला प्रोग्रॅम त्याच्यासह बंद होतो. एका जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत माझे दोन दिवस केवळ हे समजण्यातच गेले, कारण ना क्रॅशची नोंद होती, ना एखादा संदेश. लॅम्प्समध्ये एक्सेप्शनची सोय असल्यामुळे बहुतेक चुका यजमानाला हाताळता येतात, मात्र जुन्या आवृत्त्यांत ती कंपाइल करतानाच चालू करावी लागे. विद्युत मंडलांसाठीच्या एनजीस्पाइसच्या शेअर्ड लायब्ररीला यजमानाने यासाठी एक कॉलबॅक फंक्शन पुरवायचे असते.

ग्लोबल व्हेरिएबलचीही (संपूर्ण प्रोसेसमध्ये ज्यांची एकच प्रत असते, अशा व्हेरिएबलची) अशीच कथा आहे. वाहतुकीच्या सुमो या सॉफ्टवेअरची लिबसुमो ही लायब्ररी एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच सिम्युलेशन चालवू देते. लॅम्प्स आपली स्थिती ऑब्जेक्टमध्ये ठेवत असल्याने त्याची अनेक सिम्युलेशन एकाच प्रोसेसमध्ये उभी करता येतात. एमपीआय (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवण्याची प्रणाली) वापरत असाल, तर कोणत्या प्रोसेस लॅम्प्सने वापराव्यात हे आपण कम्युनिकेटर, म्हणजे प्रोसेसचा ठरावीक गट, देऊन ठरवू शकता, आणि ही मुभा वेगळा प्रोग्रॅम चालवताना सहजी मिळत नाही.

आता आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. एक टाइमस्टेप चालवा, स्थाने वाचा, पुन्हा एक टाइमस्टेप चालवा, असा लूप लिहिण्याचा मोह होतो; परंतु रन आज्ञा दर वेळी शेजारी अणूंच्या याद्या नव्याने बांधते आणि बलेही पुन्हा काढते, त्यामुळे वाचवलेला वेळ तिथेच खर्च होतो. ही पूर्वतयारी टाळण्याचा पर्याय आहे, पण तो दोन रनच्या दरम्यान आपण प्रणालीत काहीही बदल केला नसेल तरच वापरावा. आपल्याला बाहेरून बले लावायची असल्यास लॅम्प्समधील ‘फिक्स एक्स्टर्नल’ ही आज्ञा वापरावी: लूप लॅम्प्सच्याच हाती राहतो आणि ठरावीक टाइमस्टेपनंतर तो आपले फंक्शन बोलावतो. माझ्या मते बहुतेकांना हवी असते ती हीच रचना, फक्त ती उशिरा सापडते.

स्थानांचा पॉइंटर थेट मिळतो, पण तो जपून ठेवू नये. अणू एका प्रोसेसकडून दुसरीकडे जातात, त्यांचा क्रम बदलतो आणि ॲरेची जागाही हलू शकते. क्रमांकानुसार लावलेली प्रत हवी असेल तर गॅदर फंक्शन वापरावे. ते थोडे महाग असले तरी निर्धोक आहे. एककेही तपासावीत: ‘मेटल’ पद्धतीत काळ पिकोसेकंदांत आणि ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असते, तर ‘रिअल’मध्ये फेम्टोसेकंद आणि किलोकॅलरी प्रति मोल.

लॅम्प्स जीपीएल (GPL) या मुक्त सॉफ्टवेअर लायसन्सच्या आवृत्ती 2 खाली असल्यामुळे, त्याला लिंक केलेला प्रोग्रॅम इतरांना देणार असाल तर लायसन्स आधी वाचावे.

सुरुवात करताना एकच इनपुट जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मार्गांनी चालवून शून्याव्या टाइमस्टेपची ऊर्जा ताडून पाहावी. तिथेच फरक दिसला तर चूक जोडणीत आहे. हजारो टाइमस्टेपनंतर अणूंचे मार्ग वेगळे झालेले दिसले, तर तो केवळ राउंडिंगचाही परिणाम असू शकतो.