मांगाच्या कडेला ही कोण बोलतीय?

प्रश्न: ताई, भाचीची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, चाळत होतो, हिरॉइन ढसाढसा रडतीय आणि शेजारच्या उभ्या पट्टीत लेखिका आपली सर्दी अन् मांजराचं सांगत बसलीय. छापताना चुकलंय का हे? — एक मामा, सात रस्ता, सोलापूर

उत्तर: नाही हो दादा, चुकलं नाही. मांगा आधी मासिकात येते, तिथं पानाच्या कडेला जाहिरातीसाठी पट्टी सोडायचे, मग पुस्तक निघताना जाहिरात गेली की ती जागा रिकामी, म्हणून चित्रकार तिथं हातानं काहीबाही लिहायचे, डेडलाइनचं रडगाणं, वाचकांचे आभार, मांजर तर हमखास. शोजो, म्हणजे मुलींच्या मांगात हे जास्त दिसतं. कडक भाकरीसोबत शेंगाचटणी तसं, मला तर कधीकधी गोष्टीपेक्षा तेच आवडतं! स्वतःचं चित्रही गमतीचं काढतात, हिरोमु आराकावा गाय होऊन येते, कारण घरचा डेअरीचा धंदा. ‘वन पीस’ नावाच्या मांगावाले ओदा तर चौथ्या खंडापासून पुस्तकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतायत, आपल्या या सदरासारखंच, फक्त त्यांच्याकडचे प्रश्न जास्त आगाऊ असतात. आणि पट्टी आधी वाचू नका, रडायचा सीन पार वाया जातो.