मासा अंडी ‘घालतो’ की ‘सोडतो’?

डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: “वाळवंटी नदीतल्या माशांवर शाळेसाठी तक्ता करते आहे. ‘मासे पावसाळ्यात अंडी घालतात’ असं लिहिलं, तर एक पालक म्हणाले, मासा अंडी घालत नाही, सोडतो. आणि पोटात अंडी असलेल्या मादीला ‘गाभण’ म्हणा. बरोबर काय?”

बाई, त्यांचं पहिलं म्हणणं मला बरंचसं पटतं. दुसरं पटत नाही.

‘घालणे’ला जागा लागते. कोंबडी खुराड्यात अंडं घालते, आपण अंगात सदरा घालतो, झाडाच्या मुळाशी पाणी घालतो. ‘सोडणे’ म्हणजे हातातून जाऊ देणं. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला याच वाळवंटीत नौका सोडतात, तिथे कुणी ‘घालतात’ म्हणणार नाही. रोहू, कटला यांच्या माद्या नेमकं हेच करतात. पुराच्या वाहत्या पाण्यात मादी अंडी मोकळी करते, त्याच क्षणी शेजारचा नर दुधासारखं पांढरं वीर्य सोडतो आणि फलन बाहेर, पाण्यात होतं. सगळी घाई मिनिटभराची. गोड्या पाण्यात शुक्राणूंची धावपळ तेवढीच टिकते. अंड्याला आत शिरायचं एकच सूक्ष्म छिद्र असतं आणि अंडं पाणी पिऊन फुगू लागलं की तेही मिटतं.

हेच मासे बांधलेल्या तळ्यात ठेवले तर पोट भरून येतं, पण अंडी सुटत नाहीत. 1957 साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी माशाच्याच मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून ती सोडवून दाखवली, म्हणून 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. अशा अंड्यांतून पंधरा-अठरा तासांत जीव बाहेर येतात. मत्स्यशेतीवाले त्यांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात, पुढे वाढली की ‘बोटुकली’. जिऱ्याएवढी आणि बोटाएवढी! तक्त्यात हे दोन शब्द जरूर घ्या, मुलं एकदा ऐकून विसरणार नाहीत.

पण सगळे मासे सोडून मोकळे होत नाहीत. मरळ शेवाळ-गवत बाजूला सारून जागा करते, तिथे तरंगती अंडी घालते आणि आईबाप राखण करतात. इथे ‘घालते’ अगदी चपखल. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या सीमेवरचं आपलं काळुंदर तर एकेक अंडं दगडाला नाहीतर बुडालेल्या काठीला चिकटवतं आणि पंखांनी वारा घालावा तसं पाणी हलवत राहतं. तिथे ‘चिकटवतं’च लिहा. एक क्रियापद सगळ्यांना लावू नका, माशागणिक बदला.

आता ‘गाभण’. संस्कृत गर्भ, प्राकृत गब्भ, मराठी गाभ. त्याच कुळातले गाभा, गाभारा आणि गर्भिणीवरून आलेली गाभण. गाय गाभण असते म्हणजे फलन होऊन आत जीव वाढत असतो. माशाच्या पोटातल्या गाभोळीत अजून फलनच झालेलं नसतं. ताजी गाभोळी हातात घेऊन बघा: पातळ पारदर्शक पापुद्र्याच्या दोन लांबट पिशव्या, वरून लाल शिरांची जाळी, आत रव्यासारखे पिवळे दाणे. ते भरलेलं अंडाशय असतं, गर्भ नव्हे. ‘गाभोळी’त गाभ आहे म्हणून मादीला गाभण ठरवणं मला ओढाताणीचं वाटतं. पेडण्याला माझी आजी मिरगाच्या पावसात ओहोळातून उलटे वर येणारे चढणीचे मासे साफ करताना ‘गाभोळी भरलीया’ म्हणायची, ‘गाभण’ कधीच नाही. तिला जीवशास्त्र शिकवलेलं नव्हतं, पण शब्द तंतोतंत होता.

गाभण शब्द खरोखर शोभतो तो गप्पीला, डास मारायला विहिरीत सोडतात त्या परदेशी पाहुण्याला. तिच्यात फलन पोटातच होतं आणि ती जिवंत पिल्लं देते. शेपटीकडच्या बाजूला पोटावर काळसर डाग गडद झाला की दिवस भरत आलेत समजावं. म्हणजे ती अंडी घालत नाही, सोडतही नाही. ती विते.

तक्त्यावर मी असं लिहिलं असतं: “पावसाळा हा नदीतल्या बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम. गाभोळी भरलेल्या माद्या चढणीच्या पाण्याने वर येतात. काही माद्या वाहत्या पाण्यात अंडी सोडतात, काही जागा करून घालतात, तर काही दगडाला चिकटवतात.” खाली गप्पीचं चित्र काढा आणि त्याशेजारीच ‘गाभण’ लिहा.